तुटला तर जबाब आमचा

दोर वळणाऱ्या घरात सुनेला सासऱ्याचं तोंड फार बघावं लागतं. बाकीच्या घरी सासरा दिवसातून दोनदा समोर येतो, एकदा जेवण मागायला आणि एकदा त्याला नावं ठेवायला. इथे तसं नाही. सून चाकाशी बसून दांडा फिरवते. सासरा कमरेला घायपाताच्या वाखाचा बिंडा गुंडाळून तिच्यासमोर उभा राहतो आणि पोटावरचा वाख बोटांनी सोडत एकेक पाऊल मागे सरकतो. तोंड लहान लहान होत जातं. परसाच्या टोकाच्या खुंटापाशी ते बोराएवढं उरतं. मग म्हातारा धागा खुंटाला अडकवतो, परत येतो, नवा बिंडा बांधतो, आणि तेच तोंड पुन्हा लांब जायला लागतं.

गाव त्याला दोरआबा म्हणायचं. उभा जन्म मागे चालून त्याची कंबर एका बाजूला झुकली होती, आणि पोटाची कातडी वाखाने घासून घासून जुन्या चामड्यासारखी झाली होती. घायपाताची पानं खड्ड्यात कुजवायची, बडवायची, धुवायची, वाख विंचरायचा, हे त्याच्या बायकोचं काम. तिच्या हातांना त्या खड्ड्याचा वास कायमचा चिकटला होता. तिला तो येत नसे, बाकी सगळ्यांना येई. मुलगा तयार दोर सायकलला लावून नदीच्या पुलावरून, नाक्यावरून, पलीकडच्या देशातल्या गुरांच्या बाजारात न्यायचा. नदी दोघांची, बाजार त्यांचा, गुरं ज्याची त्याची.

उन्हाळा चढला होता. हे दिवस दोरवाल्यांचे. विहिरी तळाला गेल्या की लोकांना गाळ आठवतो, आणि गाळ आठवला की दोर आठवतो. पलीकडचा बाजारही याच दिवसांत फुगतो. आत्ता विकलं जाईल त्यावर पावसाळा काढायचा, कारण ओल्या हवेत वाख वळत नाही.

सुनेने एकदा कंटाळून फोन चाकाच्या खांबाला उरल्यासुरल्या वाखाने बांधला आणि सासऱ्याचं ते लांब जाणं टिपून जगाला दाखवलं. जगालाही तेव्हा दुसरं काही काम नसावं. माणसं बघत राहिली. कुणी लिहिलं, हे बघून मला झोप लागली. कुणी लिहिलं, म्हाताऱ्याला खुर्ची द्या. बरेचजण नदीपलीकडचे. त्यांची लिपी वेगळी, पण फोन त्यांचं लिहिलेलं हिच्या भाषेत करून द्यायचा आणि हिचं त्यांच्या. त्यातल्या एका बाईने विचारलं, दोरात मधेच लाल ठिपके दिसतात ते कसले?

सुनेने दांडा न थांबवता हाक मारली, "आत्या, लाल धागा का घालतो असं विचारतायत. काय सांगू?"

सासू खड्ड्यात वाकलेली होती. "त्यात सांगायचंय काय? तुटला तर जबाब आमचा, म्हणून लाल."

सुनेने हीच ओळ जशीच्या तशी लिहिली आणि विसरून गेली.

सासूला विसरता येण्यासारखं ते नव्हतं. ती नवी नवरी होती तेव्हा एक माणूस दोर तुटून विहिरीत गेला होता. त्याची बायको तुटका तुकडा हातात घेऊन दोरवाल्यांच्या दारोदार फिरली, एकच विचारत, "हा कुणाचा?" प्रत्येकाने तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि आमचा नाही म्हणून परत दिला. या घरातही तेच झालं. तिच्या सासऱ्याने तुकडा परत दिला तेव्हा ती दाराआड उभी होती. तिने दुसऱ्याच दिवशी थोडा वाख लाल रंगात उकळला आणि चाकाच्या आकड्याला अडकवला. घरात खूप आरडाओरडा झाला. पुढे लोक तो लाल बघून दोर मागायला लागले तेव्हा थांबला.

महिना गेला असेल. पलीकडच्या मोठ्या शहरात मंडईचं छप्पर कोसळलं. माणसं दबली. ठेकेदार म्हणाला, नकाशा चुकला. नकाशावाला म्हणाला, लोखंड हलकं होतं. बांधकाम खातं म्हणालं, चौकशी चालू आहे. लाल ठिपक्यांचं विचारणाऱ्या त्या बाईची बहीण छपराखाली गेली होती. तिने एका दोराच्या तुकड्यात लाल धागा गुंफला, खात्याच्या फाटकाला लटकवला आणि खाली पाटी लावली: तुटला तर जबाब कुणाचा?

दुसऱ्या दिवशी त्या फाटकावर तुकडेच तुकडे. मग दुसऱ्या शहरात, तिसऱ्या शहरात. मुली केसांत लाल धाग्याचा दोर घालून फिरायला लागल्या. म्हाताऱ्याचं मागे सरकणारं चित्र कुणी गाण्याला जोडलं, कुणी भिंतीवर काढलं. त्यात त्याला चांगल्या मिश्या काढल्या होत्या, ज्या त्याला कधीच नव्हत्या.

सून दांडा फिरवता फिरवता हे सगळं बघायची. हात मंद व्हायचा. परसाच्या टोकावरून म्हातारा ओरडायचा, "अगं पीळ कमी पडतोय! आधी दांडा फिरव, जग मागाहून फिरव!"

"मामंजी, तिकडे तुमचं चित्र काढलंय भिंतीवर."

"माझं? कपडे धड काढलेत का?"

इकडच्या बातम्यांना तर उधाण आलं. आपल्या खेड्यातल्या दोराने शेजाऱ्यांची झोप उडवली म्हणे. मग भोंगा आला. भोंगा म्हणजे गावचा पुढारी. कानात बोलला तरी चार घरं ऐकत, म्हणून हे नाव. बरोबर कॅमेरेवाले आणि हार.

"आबा, शेजाऱ्यांची खुर्ची हलवलीत तुम्ही!"

"मी दोर वळतोय बाबा. खुर्ची हलत असेल तर तिचे पाय बघा."

भोंग्याने हार घातला. उन्हात फुलं गरम झाली होती, आणि हाराचा दोरा कुठल्या तरी कारखान्याचा होता. म्हाताऱ्याने तो दोन बोटांत धरून बघितला. कॅमेरेवाला म्हणाला, "आबा, जरा पुढे चालत या ना. मागे जाताना बरं दिसत नाही."

"पुढे आलो तर दोर होत नाही."

"दोर नको आहे आम्हाला, चालणं पाहिजे."

तेव्हा दोरआबा रिकाम्या हाताने, कमरेला बिंडा बांधून, खुंटापासूनच्या त्या लांब पट्टीवरून पुढे चालत आला. सवय नव्हती. दोनदा अडखळला. ते त्यांनी कापून टाकलं असावं, कारण दाखवलं तेव्हा तो छान ताठ चालत होता.

त्यानंतरच्या बाजाराला मुलगा सायकल भरून गेला. पलीकडच्या नाक्यावरचा शिपाई ओळखीचा. मागच्या खेपेला त्याने आपल्या गाईसाठी एक दावं मागून घेतलं होतं. आज त्याने सायकल आडवी केली, चाकू काढला आणि एकेक दोर कापायला बसला. कापताना वर बघत नव्हता.

"अहो, गाईचं दावं तरी चांगलं लागलं का?" मुलाने विचारलं.

"तेही कापायला लागलं," शिपाई म्हणाला. "गप्प बस आता."

तेवढ्यात बाजारातून परतणारी गुरं नाक्यावर आली. ज्या जनावराच्या गळ्यात लाल ठिपक्यांचं दावं, ते कापलं जात होतं. मोकळी झालेली जनावरं नदीच्या वाळूत पळाली. मालक त्यांच्यामागे धावले, पडले, उठले, आणि सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या त्या दोरवाल्याला. शिपायाला देता येत नव्हत्या आणि कुणाला तरी द्यायच्या होत्याच.

मुलगा तुकडे गोळा करून घरी आला. चाकापाशी ढीग टाकला.

"जोडून होतील का?" सुनेने विचारलं.

"गाठीचा दोर झोपाळ्याला चालतो," म्हातारा म्हणाला. "आपल्याकडे झोपाळा कुठाय?"

गुरांचे व्यापारी येईनासे झाले. एक आला, तोही पायरीवरूनच म्हणाला, "बिनलाल असेल तर द्या." नव्हता. गेला.

मग तालुक्याच्या दवाखान्याचा जिना पडला. आपल्याकडचा, अलीकडचा. खाली औषधाच्या रांगेत माणसं होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाला कुणीतरी दोराचा तुकडा बांधून गेलं. त्यात लाल धागा होता.

भोंगा परत आला. या वेळी एकटा, आणि हळू बोलत होता. शेजाऱ्यांनी कान टवकारले, कारण भोंग्याचा आवाज ऐकू येत नाही ही गोष्ट गावात पहिल्यांदाच घडत होती.

"आबा, लाल जरा थांबवा."

सासू वाख विंचरत होती. "परवा तर म्हणालात, जगाला शिकवलंत."

"काकू, जगाला शिकवायचं ते जगाला. घरात कशाला आणायचं?" तो परसाकडे बघत राहिला. खुंटापर्यंतची ती लांब पट्टी गावच्या मालकीची होती. चार पिढ्या कुणी विचारलं नव्हतं. "ही जागा पंचायतीची ना? मी काही म्हणत नाही. पण पंचायतीला कधी काय आठवेल, मला तरी कुठे माहीत असतं?"

तो गेला. पट्टी गेली तर म्हाताऱ्याने मागे कुठे जायचं? भिंतीत?

मुलाने विषय काढला. "धागा काढला तर दोर कमकुवत होतो का?"

"नाही," म्हातारा म्हणाला.

"जाडी कमी होते?"

"नाही."

"मग?"

म्हाताऱ्याने कंबर दाबत भिंतीला पाठ टेकली. "मग काही नाही. काढा."

सासूने मुलाकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. रंगाचं भांडं घासलं, पुसलं आणि खड्ड्याच्या कडेला उपडं घातलं. रंगवून वाळवलेला वाख होता तो फडक्यात बांधून आढ्याला खोचला. त्या दिवसापासून ती चाकाजवळ फिरकली नाही. विंचरलेला वाख दारात ठेवून जायची, जणू दुसऱ्या कुणाच्या घरी पोचवायला आली होती.

बुडालेला माल भरून काढायचा म्हणून घाई सुरू झाली. मुलगा पुरतं न कुजलेलं पान खड्ड्यातून उपसायचा. सून फोन बंद ठेवायची, पण मन चालूच असायचं. तिकडची माणसं विचारत होती, आबा बरे आहेत का, अजून वळतात का, आम्हाला त्यांचा नवा दोर बघायचाय. आता पांढरा दोर त्यांना काय म्हणून दाखवणार? म्हाताऱ्याची बोटं सकाळी आखडलेली असायची. वाख किती सुटतोय हे त्याला पूर्वीसारखं कळत नव्हतं. ते तो कुणाला सांगत नव्हता. तिघेही आपापलं तेवढं लपवून होते, आणि दोर होत होते.

पांढरे दोर नाक्यातून सुटले. पण बाजारात ते सगळ्यांसारखेच दिसत.

"कुणाचा हा?" गिऱ्हाईक विचारायचं.

"दोरआबांचा."

"कशावरून?"

मुलगा दोर उलगडून दाखवायचा. शेजारी बसलेला दुसरा दोरवाला हसून म्हणायचा, "माझाही दोरआबांचाच घ्या मग." मिळेल त्या भावात द्यायचा आणि सायकल हाकत घरी यायचं.

ऊन उतरतीला लागलं होतं त्या दुपारी गाळवाला आला. विहिरींचा गाळ काढणारा, आडव्या खांद्यांचा माणूस. उजवा हात गळ्यात फडक्याने बांधलेला, तोंड सुजलेलं. डाव्या हातात दोराचा तुकडा. तुटलेल्या टोकाचा वाख विस्कटून उभा राहिला होता.

"अर्ध्यावर होतो," तो म्हणाला. "चिखलात पडलो म्हणून आहे."

"दोर कुणी आणला होता?" मुलाने विचारलं.

"विहीरवाल्याने. बाजारातून. कुणाकडून घेतला ते त्याला आठवत नाही. आठवणार कसं, सगळे एकसारखे." त्याने तुकडा पुढे केला. "बाकीच्या दोरवाल्यांकडे जाऊन आलो. त्यांचा नाही म्हणाले. पाणी विचारलं सगळ्यांनी. तुमचं शेवटचं दार."

सासू आतून बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. कितीतरी वर्षांपूर्वी ती याच उंबऱ्याच्या आत उभी होती.

म्हाताऱ्याने तुकडा घेतला. पीळ उलगडला, वाख नखाने ओढला, वास घेतला, दाताखाली धरला. पुन्हा पीळ घातला. सून दांड्याला धरून बसली होती. एका दिवशी हात मंद झाला होता, तो दिवस तिला आठवत होता. मुलाची नजर खड्ड्याकडे होती.

"आमचा नाही हा," मुलगा म्हणाला. "कशावरून आमचा?"

"कशावरून नाही?" गाळवाल्याने विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

"बाबा, सांगा ना. तुमचा हात तुम्हाला कळत नाही होय?"

म्हाताऱ्याने तुकडा मांडीवर ठेवला. त्याच्या बोटांवर वाखाचे सुटलेले केस चिकटले होते, ते तो एकेक करून काढत राहिला. "नाही कळत," तो म्हणाला. "पूर्वी कळायचं असं मीच सांगत फिरायचो. लाल बघून सांगायचो मी. हातबित काही नाही."

"मग नाहीच म्हणा ना, बाबा," मुलगा म्हणाला. "कुणी सिद्ध करू शकत नाही."

"तेच तर. मीही करू शकत नाही." म्हाताऱ्याने गाळवाल्याकडे बघितलं. "लाल घालत होतो तेव्हा, लाल नाही म्हणजे माझा नाही, असं म्हणायचा मला हक्क होता. तो मी भोंग्याला देऊन बसलो. आता आमचाच धर."

"बाबा!"

"ओरडू नको. याचा हात बसेपर्यंत तू गाळाला जायचं. याच्या जागी. याच्या नावाने."

"आणि बाजार?"

"बाजारात तुला कुणी विचारतंय?"

मुलाने बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली. गाळवाला चाकाशेजारच्या दगडावर बसला. सासूने पाणी आणून दिलं. डाव्या हाताने पिताना अर्धं छातीवर सांडलं. ते पुसायला त्याच्याकडे दुसरा हात नव्हता, म्हणून तो तसाच बसून राहिला.

मुलगा गाळाला जायला लागला. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत काळा होऊन यायचा, खांदे सोललेले.  मग एकदा जेवताना म्हणाला, "विहिरीत उतरलं की वर बघायचं नसतं म्हणे. मी बघतो. दोर घासतो कडेला, तिथे नजर जाते सारखी." 

सुनेने एका दुपारी फोन उघडला. तिकडे आता दुसरंच काहीतरी चाललं होतं. कुठला तरी खेळाडू, त्याचं कुणाशी तरी भांडण. फाटकांवरचे दोर खात्याने काढले की लोकांनीच घरी नेले, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त बहीण गेलेल्या त्या बाईचा निरोप होता. "अजून कुणी जबाब दिलेला नाही. तुमच्याकडे ठीक ना?" सुनेने 'ठीक' लिहिलं आणि पुसलं.  तेवढ्यात म्हातारा ओरडला आणि तिने दांडा धरला.

ढग यायच्या आधीच्या त्या कोंदट दिवसांत गाळवाला पुन्हा आला. हात बसला होता, थोडा वाकडा. मूठ वळवून दाखवली.

"तुमच्या पोराला मोकळा करा आता," तो म्हणाला. "बरं करतो, पण फार विचार करतो. पाऊस यायच्या आत दोन विहिरी राहिल्यात, त्या माझ्या मी करीन. दोर पाहिजे मला. स्वतःचा. दुसऱ्याने आणलेल्यावर नाही उतरणार मी."

"हे घे," मुलाने भिंतीवरचा पांढरा दोर काढला.

"हा नको. लालवाला."

मुलगा हसला, दमल्यासारखा. "अरे वेड्या, तो घालत नाही आम्ही आता. भोंग्याची माणसं काल पट्टी मोजून गेलीत. नाक्यावर बघितलं तर कापतील. बाजारात कुणी हात लावत नाही त्याला."

"मला कुठे बाजारात जायचंय?" गाळवाला म्हणाला. "मला विहिरीत उतरायचंय."

सासूने आढ्याचं फडकं काढलं. त्यात दोन बिंडे होते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला रंगवलेले. एक तिने नवऱ्याच्या कमरेला आपल्या हाताने गुंडाळला, घट्ट, आणि चाकापाशी येऊन उभी राहिली.

सुनेने दांडा फिरवला. दोरआबा, पंचायतीने ठोकलेली मोजणीची खुंटी पायाने चाचपत, पट्टीच्या टोकाकडे निघाला, आणि त्याचं तोंड लहान लहान होत गेलं.